कूलरमध्ये पाणी कोण भरतं?

परवा दुपारी दोनच्या सुमारास आईचा नागपूरहून फोन आला. मे महिन्यात दुपारी दोन वाजता नागपूरकर माणूस फोन करत नसतो, झोपलेला असतो. त्यामुळे जरा धसकूनच उचलला.

"अरे, कूलर नुसता घुं घुं करून राहिला. पंखा फिरतच नाही."

"काडीनं पातं ढकलून पाहिलंस का?" हे तोंडातून गेलं आणि लगेच जीभ चावली. "थांब, थांब. आधी बोर्डातून पिन काढ. पायात चप्पल आहे का?"

"आहे," आई म्हणाली. "चप्पल मी विसरेन का?"

या वाक्याचा इतिहास आहे. त्याच्याकडे येतोच. आधी घुं घुं.

कूलरची मोटर घुमते पण फिरत नाही, याचा अर्थ दहातल्या आठ वेळा कंडेन्सर गेला. घरातली वीज सिंगल फेज असते. तिच्यामुळे मोटरमध्ये तयार होणारं चुंबकीय क्षेत्र नुसतं मागेपुढे हेलकावतं, गोल फिरत नाही. निकोला टेस्लाला १८८८ साली ज्या मोटरची पेटंटं मिळाली तिचं सगळं रहस्य त्या गोल फिरणाऱ्या क्षेत्रात होतं. आपल्याकडे एकच फेज, म्हणून मोटरमध्ये दुसरं एक वेटोळं घालतात आणि त्यातला प्रवाह कंडेन्सरच्या मदतीनं जरा पुढेमागे सरकवतात. तेवढ्यानं मोटरला कुठल्या दिशेला फिरायचं ते कळतं. कंडेन्सर वर्षानुवर्षं उन्हात तापून अशक्त झाला की मोटर गोंधळते. काडीनं ढकललं तर ढकलाल त्या दिशेला फिरायला लागते, उलटीसुद्धा! आमच्या गल्लीतली सगळी पोरं या काडीविद्येत पारंगत होती, आणि चालू पंख्यात काडी घालणं हा उन्हाळी सुट्टीतला सर्वात मूर्ख उद्योग होता हे आज कळतं. पिन काढून ठेवा, जुन्या कंडेन्सरवर लिहिलेला मायक्रोफॅरडचा आकडा वाचा आणि त्याच आकड्याचा नवा आणा. शंभर-दीडशे रुपयांत काम होतं. जुन्याची दोन टोकं एकत्र टेकवून तो रिकामा झाल्याची खात्री मात्र करून घ्या, तीही पक्कडीनं, बोटांनी नाही.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना कूलर म्हणजे नेमकं काय ते सांगायला हवं. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना जाळीत भरलेला वाळा नाहीतर लाकडाच्या ढलप्यांचं गवत, खाली पाण्याची टाकी, ते पाणी वर चढवणारा छोटा पंप आणि चौथ्या बाजूला खोलीत तोंड घातलेला पंखा. एक लिटर पाणी वाफ होताना हवेतून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतं. आठ लिटर पाणी माठातून काढून उकळीपर्यंत न्यायला जवळपास तेवढीच लागते. बाहेर ४५ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक २४ अंशांच्या आसपास येऊन थांबतो. कूलर तिथपर्यंत पोचत नाही, पण २९-३० पर्यंत नक्की आणतो. मुंबईत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत हाच कूलर लावलात, तर फक्त गादी दमट होईल.

(नागपूरचा आकडा विचाराल तर २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. ३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं चक्क ५६ अंश दाखवले! दोनच दिवसांत हवामान खात्यानं संवेदक बिघडल्याचा खुलासा केला. उन्हानं यंत्रंसुद्धा भ्रमिष्ट होतात, कंडेन्सरचं काय घेऊन बसलात.)

तर इतिहास. वाळ्याला संस्कृतात उशीर म्हणतात. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकात तापलेल्या शकुंतलेला उशीराचा लेप लावलेला आहे. (शाळेत मला वाटायचं, दुष्यंताला यायला उशीर झाला म्हणून.) लेपापासून भिंतीपर्यंतचा प्रवास केव्हा झाला ते सांगणं अवघड, पण अबुल फझलच्या आईन-इ-अकबरीत तो झालेला दिसतो. बांबूच्या सांगाड्यात वाळा भरून खोल्या करतात, त्यांवर पाणी मारतात आणि भर उन्हाळ्यात हिवाळा उगवतो, असं त्यानं कौतुकानं नोंदवलं आहे. पाणी मारणारा कोण, ते मात्र त्याला नोंदवावंसं वाटलं नाही.

पुढे इंग्रज आले, त्यांनी वाळ्याच्या ताट्या दारा-खिडक्यांना लावल्या आणि बाहेर भिस्ती उभा केला. पखाल पाठीवर घेऊन त्यानं दिवसभर ताट्या भिजवायच्या. पण ताटीतून गारवा यायला बाहेर वारा हवा. वारा पडला की सगळं फसलं. यावर उपाय म्हणून १८३०च्या सुमारास जे यंत्र निघालं त्याचं नाव थर्मँटिडोट, म्हणजे उष्म्यावरचा उतारा! फॅनी पार्क्स नावाच्या बाईनं उत्तर हिंदुस्थानातल्या आपल्या मुक्कामाबद्दल जे पुस्तक लिहिलं (१८५०), त्यात त्याचं वर्णन आहे. ते वाचताना मी उडालोच. खिडकीला लावलेली पुरुषभर उंचीची लाकडी पेटी. बाजूंना वाळ्याच्या ताट्या. वर भोकं पाडलेली पन्हळ, तिच्यातून पाणी वाळ्यावर ठिबकणार आणि खाली भांड्यात जमणार. आत धान्य उपणायच्या यंत्रासारखं पात्यांचं चाक, जे हवा ओढून खोलीत ढकलणार. अहो, हा तर आमचा कूलर! फरक एवढाच की चाक फिरवायला माणसं आणि खालचं पाणी वर ओतायला माणसं. बाईंना या उताऱ्याचा चांगलाच गारवा मिळाला. चाक फिरवणाऱ्यांना काय झालं ते पुस्तकात नाही.

पंखा ओढणाऱ्यांचं काय व्हायचं ते मात्र कोर्टाच्या कागदांत आहे. रात्री दोरी ओढता ओढता डुलकी लागली, साहेब घामानं जागा झाला, त्यानं उठून लाथ घातली आणि पंखेवाला मेला, अशी प्रकरणं एकोणिसाव्या शतकात वारंवार घडली. बचाव ठरलेला असायचा. मलेरियानं याची प्लीहा सुजलेली होती, ती जराशा धक्क्यानं फुटली, साहेबाचा मारण्याचा हेतू नव्हता. शिक्षा व्हायची ती बहुधा दंडाची. गारव्याचा इतिहास म्हणून बर्फाची गलबतं (बॉस्टनहून कलकत्त्याला पहिलं १८३३ मध्ये आलं) आणि विलिस कॅरियरनं १९०२ साली ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी आखलेलं वातानुकूलन यंत्र यांच्या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात. मला स्वतःला ही प्लीहेची गोष्ट त्या इतिहासाच्या मध्यावर ठेवावीशी वाटते. एकाला गार वाटावं म्हणून दुसरा बाहेर उन्हात उभा, हीच तेव्हाची यंत्रणा होती.

कलकत्त्यात १८९९ साली वीज आली आणि पंख्याची दोरी हळूहळू सुटली. पाण्याचा प्रश्न वाळवंटी अमेरिकेत सुटला. १९३०च्या दशकात अ‍ॅरिझोनातल्या लोकांनी लाकडी चौकटी, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, लाकडाच्या ढलप्या आणि विजेचा पंखा असं काहीबाही जुळवून घरीच कूलर ठोकले. आपले पत्र्याचे कूलरही तसेच, कारखान्यात कमी आणि गल्लीतल्या पत्रेवाल्याकडे जास्त जन्मलेले. म्हणूनच ते घरी उघडता येतात, दुरुस्त करता येतात. आणि म्हणूनच त्यांच्यात एक दोष राहून गेला.

आमचा कूलर १९८४चा. बाबांनी हौसेनं आणला आणि दर वर्षी गुढीपाडव्याला तो उघडायचा सोहळा व्हायचा. जुना वाळा उपसायचा, क्षार खरवडायचे, पन्हळीची भोकं खिळ्यानं मोकळी करायची, बुशमध्ये तेल सोडायचं, टाकीला आतून डांबर लावायचं. बाबा मुख्य कारागीर, मी पक्कड देणारा. कूलर सुरू झाला की शेजारी बाबांचं कौतुक करायचे. त्यानंतरचे अडीच महिने त्यात रोज सकाळ-दुपार आठ-आठ बादल्या पाणी आई ओतायची. हे कोणाच्या लक्षातही यायचं नाही. माझ्या तर नाहीच. नळाला पाणी पहाटे तासभर यायचं, ते हौदात साठवून, बादलीनं, मागच्या अंगणातून.

१९८६च्या मे महिन्यात, नवतपा नुकताच लागला होता, दुपारी अंगणात बादली आपटल्याचा आवाज आला. आई ओल्या फरशीवर पडलेली, अनवाणी. कूलरला हात लागला आणि तिला विजेनं झिडकारलं. झिडकारलं म्हणून वाचली. चिकटली असती तर हे लिहायला मी कदाचित बसलोच नसतो. पंपाच्या वायरचा जोड बाबांनीच पाडव्याला केला होता. चिकटपट्टी ओली होऊन सुटली आणि अख्खा पत्रा जिवंत झाला. आमच्या बोर्डाला तिसरं भोक होतं, पण त्याच्या मागे वायरच नव्हती. म्हणून बाबांनी कूलरची तिसरी वायर कापून आत दुमडून ठेवली होती.

बाबा त्या संध्याकाळी एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांनी अंगणात छातीइतका खड्डा खणला, त्यात लोखंडी नळी उभी केली, भोवती थरावर थर कोळसा आणि मीठ भरलं आणि तिथून जाड तार बोर्डापर्यंत आणली. आता पत्र्यात वीज आली तर ती आईतून न जाता जमिनीत जाईल आणि फ्यूज उडेल. पुढे घराला ३० मिलिअँपिअरला तुटणारा स्विचही बसला. विदर्भात कूलरच्या धक्क्यानं माणसं जाण्याच्या बातम्या मात्र अजूनही दर उन्हाळ्यात येतात, आणि त्यांत पाणी भरायला गेलेल्या बायका आणि खेळता खेळता हात लावलेली पोरं असतात. पाणी भरताना पिन काढायची, एवढं केलं तरी यातल्या कित्येक बातम्या येणार नाहीत.

त्या खड्ड्याची एक गंमत, खरं तर गंमत नव्हे. माती कोरडी पडली की ती वीज नीट वाहून नेत नाही. म्हणजे अर्थिंगची गरज सगळ्यात जास्त उन्हाळ्यात आणि ते निकामीही व्हायचं उन्हाळ्यातच. त्यामुळे त्या खड्ड्यालाही पाणी लागतं. रोज एक बादली. ती बादली कोणी ओतायची हे घरात कधी ठरलं नाही, ठरवावं लागलंच नाही.

असो. शेजारच्या मुलानं संध्याकाळी कंडेन्सर बदलून दिला. रात्री मी पुन्हा फोन केला. मागे कूलरचा आवाज येत होता, नीट, सरळ दिशेचा.

"टाकी कोणी भरली?"

"नळी लावली ना त्यानं. बसल्या जागी भरते आता." मग जरा थांबून, "खड्ड्यात मात्र मीच टाकलं. तिथवर नळी पुरत नाही."

उद्या दहा मीटर नळी घेऊन मी नागपूरला निघतोय.