कलाभवनातील शब्द आणि रसायन : बडोद्याच्या एका प्रयोगाचे वाङ्मयीन वाचन

मराठी वाङ्मयेतिहासात बडोद्याचा उल्लेख येतो तो प्रामुख्याने राजाश्रयाच्या संदर्भात. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी ग्रंथकारांना दिलेले साहाय्य, त्यांच्या प्रेरणेने निघालेल्या ग्रंथमाला, भाषांतरांना मिळालेले उत्तेजन या बाबी वाङ्मयेतिहासकारांनी कृतज्ञतेने नोंदविल्या आहेत. मात्र १८९० मध्ये याच संस्थानात स्थापन झालेले ‘कलाभवन’ हे या नोंदींत सहसा आढळत नाही. रंगकाम, रसायन, यंत्रविद्या, वास्तुविद्या आणि चित्रकला शिकविणारी ती एक तंत्रशाळा होती; म्हणून तिचा विचार शिक्षणाच्या, फार तर उद्योगाच्या इतिहासाकडे सोपविला गेला. विज्ञानेतिहासाच्या क्षेत्रात ध्रुव रैना आणि एस. इरफान हबीब यांनी तिचा साक्षेपी अभ्यास केला आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला तिच्याकडे वळण्याचे कारण वेगळे आहे. उपयोजित ज्ञान देशी भाषांतून निर्माण करावयाचे, तर प्रयोगशाळेतील काम आणि परिभाषेचे काम एकाच छपराखाली व्हावे लागते, ही जाणीव कलाभवनाच्या पायाशी होती. ती दोन कामे पुढे परस्परांपासून कशी दुरावली, हा येथील विवेचनाचा विषय आहे.

कलाभवनाच्या उभारणीमागे दोन समवयस्क माणसे होती. सयाजीरावांचा जन्म १८६३ मधला, नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा. आणि कलाभवनाचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा जन्मही १८६३ मधलाच, सुरतेचा. शेतकरी कुटुंबातून दत्तक म्हणून गादीवर आलेल्या सयाजीरावांचे औपचारिक शिक्षण बाराव्या वर्षानंतर सुरू झाले. गज्जर हे सुतार समाजातले. त्यांचे आडनावच मुळात त्या व्यवसायाचे नाव आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते बडोदा कॉलेजात त्या विषयाचे प्राध्यापक झाले. विद्यापीठीय पदवी आणि कारागिराचा वारसा या दोन गोष्टी एका व्यक्तीत एकत्र येणे त्या काळी दुर्मीळ होते. हातातले कौशल्य एका समाजाकडे आणि पुस्तकातले ज्ञान दुसऱ्या समाजाकडे, ही विभागणी गज्जरांना केवळ विचाराने समजलेली नव्हती; ती त्यांच्या घरच्या परिचयाची होती.

त्यापूर्वी भारतात तंत्रशिक्षण नव्हते असे नाही. रुडकीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८४७ मधले. पुण्यातील अभियांत्रिकीचा वर्ग १८५४ मधला. मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्था १८८७ मधली. रुडकी आणि पुणे येथील शिक्षणाचा रोख मुख्यतः सरकारी बांधकाम खात्याला लागणारी माणसे तयार करण्यावर होता, आणि उच्च तंत्रशिक्षणाची भाषा इंग्रजी होती. कलाभवनाने मात्र देशी भाषांतून शिकविण्याचा मार्ग स्वीकारला. या निर्णयाची तुलना दिल्ली कॉलेजच्या आश्रयाने १८४० च्या दशकात झालेल्या उर्दू भाषांतरांशी, किंवा १९१८ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी करता येते. दिल्ली आणि हैदराबाद येथे भाषांतराचे मुख्य स्थान ग्रंथालय आणि व्याख्यानाचा वर्ग हे होते. कलाभवनात त्याला रंगाचे हौद आणि भट्ट्या यांची जोड मिळाली. शब्दाची कसोटी तेथे वाचकापाशी संपत नव्हती. त्या शब्दावर विसंबून काम करणाऱ्याच्या हातातल्या कापडावर रंग टिकतो की नाही, येथपर्यंत ती जात होती.

रंगकामाचे उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. कापडावर तांबडा रंग पक्का बसविण्यासाठी रंगारी आधी ते हिरड्याच्या पाण्यात आणि तुरटीत भिजवीत. मूळचा रंग मंजिष्ठेतून किंवा आलीच्या, म्हणजे बारतोंडीच्या, मुळांतून मिळे. तुरटी रंगाला धाग्याशी बांधून ठेवते, हे रंगाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. पण असे कार्य करणाऱ्या सर्व द्रव्यांना मिळून एक नाव असावे, याची गरज त्याच्या व्यवहारात पडली नव्हती. रसायनशास्त्राला ती पडते. मराठीत आज रूढ असलेला ‘रंगबंधक’ हा शब्द ती गरज भागवितो. येथे कारागिराचे ज्ञान आणि रसायनज्ञाचे ज्ञान यांतील अंतर माहितीचे नाही, वर्गीकरणाचे आहे. ते अंतर इंग्रजी संज्ञेने भरून काढले असते, तर रंगाऱ्याचा मुलगा आपल्याच वडिलांच्या विद्येला परका झाला असता. देशी भाषेतून ते भरून काढायचे तर नवा शब्द जुन्या शब्दांच्या शेजारी, त्यांना न हटविता, बसवावा लागतो.

बडोद्यात हा प्रश्न दुहेरी होता. राज्यकर्त्यांची भाषा मराठी, बहुसंख्य प्रजेची गुजराती. मराठी ही तेथे दरबाराची आणि तिच्याबरोबर आलेल्या कारकून, शिक्षक, सरदार अशा वर्गाची भाषा होती. आपल्या प्रदेशाबाहेर सत्तेच्या आधाराने नांदणारी. दोन्ही भाषा एकाच कुळातल्या असल्याने परिभाषा सामाईक करणे सोपे जाईल, असे वरवर पाहता वाटते. पण व्यवसायातील शब्द पाहू लागताच ही समजूत डळमळते. मराठीतील तुरटीला गुजराती माणूस फटकडी म्हणतो. आपली नीळ तेथे गळी होते. हिरडा हरडे होतो, मंजिष्ठ मजीठ होते. काही जोड्या परस्परांना ओळखू येतात, काही मुळीच येत नाहीत. दोन्ही भाषांना सारखाच चालेल असा शब्द हवा असेल, तर तो बहुधा संस्कृतातून घडवावा लागतो; आणि तसा घडविलेला शब्द दोन्हीकडच्या शास्त्र्यांना कळतो, परंतु दोन्हीकडच्या रंगाऱ्यांना सारखाच अपरिचित राहतो. भाषांमधील अंतर मिटविताना वर्गांमधील अंतर वाढते. परिभाषानिर्मितीच्या चर्चेत संस्कृतनिष्ठ विरुद्ध इंग्रजी असे द्वंद्व नेहमी मांडले जाते. बडोद्याच्या द्वैभाषिक परिस्थितीत त्या द्वंद्वाखाली दडलेला तिसरा पक्ष, म्हणजे कारागिराची बोली, प्रत्यक्ष समोर उभा राहतो.

गज्जरांनी या कामाचे महत्त्व पुरते ओळखले होते. संस्थानाच्या साहाय्याने त्यांनी ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ या नावाने शास्त्रीय आणि तांत्रिक ग्रंथांची योजना हाती घेतली. शास्त्रीय संज्ञांच्या बहुभाषिक कोशाचाही उद्योग आरंभिला. रंगविद्येचा प्रसार व्हावा म्हणून ‘रंगरहस्य’ हे नियतकालिक काढले. शाळा, प्रयोगशाळा, कोश आणि नियतकालिक ही चार अंगे त्यांच्या दृष्टीने एकाच कार्याची होती. मराठीत याच सुमारास कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक रसायनादी विषयांवर ग्रंथ लिहीत होते. त्यांच्या ग्रंथलेखनाशेजारी गज्जरांची योजना ठेवून पाहिली, तर तिचे वेगळेपण ग्रंथांच्या संख्येत दिसत नाही. ग्रंथ, भट्टी आणि शब्दसंग्रह यांना एका संस्थेत बांधण्याच्या आग्रहात ते आहे.

मात्र या उपक्रमाकडे निखळ स्वदेशीचे उदाहरण म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. कलाभवनातील रंगप्रयोगशाळेला जर्मन रंगउत्पादकांचे साहाय्य मिळाले होते. ते त्यांनी निव्वळ विद्याप्रेमातून दिले असेल, असे मानण्याचे कारण नाही. १८६८ मध्ये ग्रेब आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठेतील रंगद्रव्य कृत्रिम रीतीने तयार केले. त्यानंतर मंजिष्ठेचीच नव्हे, तर खानदेश-वऱ्हाडापासून माळव्यापर्यंत होणाऱ्या आलीची शेतीही ओसरत गेली. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि निळीच्या मळ्यांवर तोच प्रसंग ओढवला. कलाभवनातून शिकून बाहेर पडणारा रंगारी हा या नव्या रंगांचा संभाव्य ग्राहक होता. म्हणजे ज्या देशी भाषेतून कारागिराला सबळ करावयाचे, त्याच भाषेतून परदेशी मालाची बाजारपेठही घडत होती. गज्जरांची भूमिका यातून कमी प्रतीची ठरत नाही. नव्या रसायनाला पाठ फिरवून जुने रंग वाचणार नव्हते. ते रसायन आत्मसात करूनच पुढे स्वतःचे उत्पादन उभारता येणार होते. परंतु मातृभाषेतील विज्ञान म्हणजे आपोआप स्वायत्त विज्ञान, हे समीकरण येथे टिकत नाही, हे नोंदविणे आवश्यक आहे.

१८९६ मध्ये गज्जर बडोदा सोडून मुंबईस गेले. विल्सन कॉलेजात त्यांनी अध्यापन केले आणि पुढे स्वतःची रसायनशाळा काढली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात चापेकर बंधूंनी मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यावर डांबर ओतले होते. तो डाग काढण्याचे काम गज्जरांनी यशस्वी केले आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. चिंचवडच्या तरुणांनी राजकीय निषेध म्हणून जे केले, ते सुरतेच्या रसायनज्ञाने शास्त्रीय कूटप्रश्न म्हणून निस्तरले. वसाहतकालीन विज्ञानाची अवघड जागा या प्रसंगात जितकी उघडी पडते तितकी क्वचितच अन्यत्र पडत असेल. मोत्यांची झळाळी परत आणण्याची त्यांची कृतीही गाजली. त्यांचे शिष्य कोटिभास्कर आणि भाईलाल दाजीभाई अमीन यांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये बडोद्यास ‘अलेम्बिक केमिकल वर्क्स’ ही कंपनी स्थापन झाली. गज्जरांच्या प्रयोगशाळेची परंपरा अशा रीतीने उद्योगात फळाला आली. पण कोश आणि ग्रंथमाला यांना प्रयोगशाळेशी बांधून ठेवणारा माणूस आता बडोद्यात राहिला नव्हता.

कलाभवनाने घडविलेल्या विद्यार्थ्यांत मराठी वाचकाला सर्वांत परिचित नाव दादासाहेब फाळके यांचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर ते बडोद्यास आले. तेथे त्यांनी चित्रकला, वास्तुविद्या आणि प्रतिमाशिल्प यांचा अभ्यास केला व छायाचित्रणाचे प्रयोग आरंभिले. रसायनाचे प्राध्यापक गज्जर यांनीच त्यांना तिरंगी ठसे करण्याची आणि छपाईची तंत्रे शिकण्यासाठी रतलामला पाठविले, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत आढळते. चित्रकलेच्या विद्यार्थ्यातील तंत्रज्ञ रसायनाच्या प्राध्यापकाला दिसावा, ही गोष्ट कलाभवनाच्या रचनेबद्दल पुष्कळ सांगून जाते. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ हा पुराणकथेचा विजय मानला जातो. तो काचपट्टी, रसायन आणि काळोखी खोली यांच्या दीर्घ अभ्यासाचाही विजय होता. फाळक्यांनी १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात भारतीय चित्रपटाविषयी मराठीत लेख लिहिले. एका नव्या तंत्राचा प्रवर्तक आपल्या धंद्याची हकिकत स्वभाषेत मांडतो, तेव्हा निर्माण होणारे गद्य कथा, निबंध, आत्मचरित्र यांपैकी कोणत्या कप्प्यात ठेवायचे हा प्रश्न उरतो. आणि कप्पा सापडत नाही म्हणून ते गद्य सहसा बाहेरच राहते.

हे कप्पे नेहमीच इतके घट्ट नव्हते. १९०९ मध्ये बडोद्यास भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे व्यवसायाने डॉक्टर आणि अभ्यासाने वनस्पतिशास्त्रज्ञ होते. भारतीय औषधी वनस्पतींवरील त्यांचा बृहद्‌ग्रंथ पुढे १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा व्यक्तीला साहित्याच्या व्यासपीठावर अग्रस्थान देताना तत्कालीन मराठी समाजाला काही विसंगत वाटले नाही. सयाजीरावांनी शब्दकार्याला दिलेला आश्रयही पुढे चालू राहिला. १९३१ मध्ये ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु’ हा राज्यकारभारातील संज्ञांचा बहुभाषिक कोश प्रसिद्ध झाला. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद स्वतः सयाजीरावांनी भूषविले. मात्र १९३१ च्या कोशाचा विषय लक्षात घेण्याजोगा आहे. शासनाला शब्द हवे होते आणि ते वापरण्याचा अधिकारही त्याच्याकडे होता. हौदापाशी उभ्या असलेल्या रंगाऱ्याच्या शब्दांमागे असे कोणतेही बळ नव्हते.

१९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत विलीन झाले. विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी होते. त्यानंतर जवळपास पाऊणशे वर्षांनी, २०२१ मध्ये, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने आठ भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे पदवी-अध्यापन करण्यास अनुमती दिली. त्यांत मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषा आहेत. नव्या पाठ्यपुस्तकांची भाषांतरे होत आहेत. पण ती मुख्यत्वे इंग्रजी ग्रंथापासून देशी ग्रंथापर्यंत, म्हणजे पुस्तकापासून पुस्तकापर्यंत प्रवास करतात. कार्यशाळेत वायरमन, फिटर, रंगारी, गवंडी जे शब्द वापरतात, ते या प्रवासाच्या वाटेवर येत नाहीत. गज्जरांपुढील प्रश्न असा अनुत्तरितच राहिला आहे.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने कलाभवनाचे महत्त्व या ठिकाणी आहे. भाषांतराचा विचार करताना मूळ भाषा आणि लक्ष्य भाषा अशा दोन टोकांची मांडणी केली जाते. कलाभवनात जर्मन प्रयोगशाळेचे रसायन, इंग्रजी पदवीचे शिक्षण, संस्कृतातून येऊ शकणारी संज्ञा, मराठी दरबार, गुजराती प्रजा आणि रंगाऱ्याची बोली असे सहा पदर एकाच वेळी होते, आणि त्यांपैकी प्रत्येकाचा हितसंबंध निराळा होता. कथा-कवितांच्या भाषांतरावरून बेतलेले सिद्धांत एवढ्या गुंत्याला पुरे पडत नाहीत. तो उलगडायचा तर ‘ज्ञानमंजूषे’तील पुस्तके, ‘रंगरहस्या’चे अंक, संस्थानचे शिक्षण-अहवाल आणि कलाभवनाच्या जुन्या विद्यार्थ्यांचे लेखन हे साहित्य मराठी व गुजराती अभ्यासकांनी एकत्र बसून वाचावे लागेल. तुरटी आणि फटकडी यांच्यामध्ये कोणती संज्ञा ठेवली गेली, आणि ती कोणी स्वीकारली वा नाकारली, हे त्या पानांवरूनच ठरणार आहे.