दुसरी खेप : महाराष्ट्रातील कुटुंबजीवनात दुसऱ्या गर्भारपणाचे बदलते स्थान

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासलेखनात स्त्रीच्या पहिल्या गर्भारपणाची दखल जितक्या आस्थेने घेतली गेली, तितक्या आस्थेने त्यानंतरच्या गर्भारपणाची घेतली गेलेली नाही. चोरओटी, डोहाळजेवण, फुलांची वाडी, माहेरचे बाळंतपण, बाळंतविडा हे सारे विधी प्रामुख्याने पहिल्या खेपेभोवती गुंफलेले आहेत. मराठी भाषेनेही पहिल्या वेळच्या गर्भिणीसाठी 'पहिलटकरीण' हा स्वतंत्र शब्द घडविला. दुसऱ्या वेळी तीच स्त्री 'दुसऱ्या खेपेची' एवढ्यावर ओळखली जाते. हा 'खेप' शब्द पाण्याच्या हंड्यांसाठी आणि गाडीवरच्या ओझ्यासाठीही वापरला जातो, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

दुसरे मूल अपेक्षित असणाऱ्या घराचा दैनंदिन व्यवहार एकोणिसाव्या शतकापासून कसकसा बदलत गेला, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दुसरे अपत्य जोवर अनेकांतील एक होते, तोवर त्याचे येणे फारशा गाजावाजाविना घडत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते बहुधा शेवटचे अपत्य ठरू लागले आणि पूर्वी पाच-सहा बाळंतपणांत विभागल्या जाणाऱ्या अपेक्षांचा भार एकाच गर्भारपणावर येऊन पडला. हा बदल वरवर पाहता लोकसंख्याशास्त्राचा वाटला, तरी तो प्रत्यक्षात घडला घराच्या माजघरात.

संस्कार आणि रूढी

शास्त्रग्रंथांतही या प्रश्नाची चर्चा आढळते. सोळा संस्कारांपैकी पुंसवन आणि सीमंतोन्नयन हे दोन संस्कार गर्भावस्थेत करावयाचे असतात. सीमंतोन्नयन पहिल्या गर्भाच्या वेळी करावे, असे आपस्तंब गृह्यसूत्राचे विधान आहे. हे संस्कार प्रत्येक गर्भाच्या वेळी करावेत की एकदाच, याविषयी पुढील निबंधकारांत मतभेद होते. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या मतभेदांचा परामर्श घेतलेला आहे. एकदाच संस्कार पुरे, असे म्हणणाऱ्यांची भूमिका अशी की, हा संस्कार 'क्षेत्रा'चा, म्हणजे स्त्रीदेहाचा असतो. क्षेत्र एकदा शुद्ध झाले की पुढील सर्व गर्भांना ते पुरते. जमिनीची मशागत आणि स्त्रीचे गर्भारपण यांना एका मापाने मोजणारी ही विचारसरणी आज खटकते. मात्र दुसऱ्या वेळच्या गर्भिणीचे कौतुक का होत नसे, याचा एक धागा तिच्यात सापडतो.

लोकरूढीचा कल याच दिशेचा होता. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, हा महाराष्ट्रातील बहुसंख्य जातींत रूढ असलेला संकेत. दुसऱ्या वेळी तो शिथिल होई. अंतर, ऐपत, माहेरी आई हयात असणे-नसणे, सासरी कामाला दुसरे माणूस असणे-नसणे यांवर निर्णय ठरे आणि पुष्कळदा बाळंतपण सासरीच होई. या बदलाचा अर्थ केवळ जागेपुरता नव्हता. माहेरी गेलेल्या पहिलटकरणीला सातव्या-आठव्या महिन्यापासून विश्रांती मिळे. सासरी राहिलेली दुसऱ्या खेपेची स्त्री मात्र कळा सुरू होईपर्यंत दळण, पाणी, चूल यांत गुंतलेली असे. शेतकरी कुटुंबात सुगीचे दिवस असले तर शेतावरची खेपही चुकत नसे. डोहाळे लागतच, परंतु ते विचारण्याची उत्सुकता घरात उरलेली नसे. 'तिला आता सगळे ठाऊक आहे' हे वाक्य आजही ऐकू येते. अनुभवाचा गौरव करता करता काळजीतून सुटका करून घेण्याची युक्ती त्यात दडलेली आहे.

थोरल्या मुलाचे घर

दुसऱ्या गर्भारपणाचे खरे वैशिष्ट्य असे की, या वेळी घरात एक मूल आधीच असते. बालविवाहाच्या काळात ही आई स्वतःच सोळा-सतरा वर्षांची असे. डॉ. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले, ही घटना सुपरिचित आहे. अर्भकमृत्यूचे प्रमाण मोठे असलेल्या समाजात 'दुसरी खेप' याचा अर्थ नेहमीच 'दुसरे मूल' असा होत नव्हता. कित्येक घरांत दुसऱ्या खेपेला पाळणा पुन्हा पहिल्यासारखाच रिकामा असे. आधीची मुले गेलेल्या घरात नवजात बालकाला दगडू, धोंडू, कचरू अशी नावे ठेवीत. जे नकोसे म्हणून हाक मारली, ते मृत्यूलाही नकोसे व्हावे, ही त्यामागील भावना. पुढे याच शब्दाला एक निराळा आणि कठोर अर्थ लाभला. त्याचा उल्लेख पुढे येईल.

थोरले मूल जगलेले असेल, तर त्याच्या जीवनात आईचे दुसरे गर्भारपण हा पहिला मोठा बदल असे. दोन-अडीच वर्षांपर्यंत अंगावर पाजण्याची पद्धत असल्याने मुलांमध्ये आपोआप अंतर पडे. दिवस राहिल्याचे लक्षात येताच थोरल्याचे दूध तोडले जाई. त्यासाठी कोरफडीचा किंवा कडुनिंबाचा कडू लेप लावीत. मग ते मूल रात्री आजीच्या कुशीत झोपू लागे. एकत्र कुटुंबाचे गुणगान करताना ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यांपैकी ही एक निःसंशय खरी आहे. आजी, आत्या, चुलती यांच्या अंगाखांद्यावर हे स्थलांतर पुष्कळसे सुसह्य होई. आईला जड उचलू नको म्हणत, पण तो नियम घागरीला क्वचितच लागू होई. कडेवरच्या मुलाला मात्र हटकून लागू होई. 'तुला भाऊ हवा की बहीण?' हा प्रश्न थोरल्याला विचारला जाई आणि त्याचे उत्तर शकुनासारखे मानले जाई. उत्तर काय यावे, हे विचारणाऱ्याच्या स्वरातच ठरलेले असे.

बाळंतिणीची खोली, सोयराचे दहा दिवस, बाजेखालची शेगडी, ओवा-शेपांची धुरी या व्यवस्थेत थोरल्या मुलाला जागा नव्हती. ते उंबऱ्याबाहेर उभे राही. नव्या बाळाच्या अंगावर मात्र त्याचीच अंगडी-टोपडी, त्याचीच कुंची आणि त्याच्याच दुपट्यांची घडी येई. मराठीत धाकट्या भावंडाला 'पाठचे' म्हणतात. मुलीच्या पाठीवर मुलगा झाला, तर तिचा पायगुण चांगला ठरे. मुलगी झाली, तर त्या अजाण थोरलीलाही दोषाचा वाटा मिळे.

थोरली मुलगी असली, तर तिचे बालपण येथेच संपण्याची शक्यता असे. पाठच्या भावंडाला कडेवर घेणे ही ग्रामीण महाराष्ट्रातील मुलींच्या निरक्षरतेची एक साधी आणि म्हणूनच दुर्लक्षित कारणमीमांसा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व पुढे ते कोसबाडला नेले. त्या आदिवासी भागात मुली शाळेत यावयाच्या, तर कडेवरच्या भावंडाचीही सोय करावी लागते, हे त्यांनी ओळखले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी 'विकासवाडी'ची कल्पना त्यातूनच साकारली. शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत तिचे महत्त्व पुष्कळ सांगितले जाते. कुटुंबाच्या इतिहासातही तिला स्थान मिळावयास हवे.

गिरणी, खोली आणि गाव

मुंबईच्या गिरणगावात दुसऱ्या बाळंतपणाचा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. कोकणातून आणि घाटावरून आलेले पुष्कळसे कामगार एकटे राहत. बायको-मुले गावी असत. ज्यांनी चाळीतील खोलीत बिऱ्हाड थाटले, त्यांच्यापुढे दुसऱ्या वेळी पेच पडे. गावी जावे तर थोरल्याला बरोबर न्यावे लागे आणि पुरुषाच्या जेवणाची सोय खानावळीत करावी लागे. मुंबईतच राहावे तर दहा बाय दहाच्या खोलीत बाळंतिणीचा आडोसा कुठे करावा? थोरले मूल शाळेत जाऊ लागले की माहेरचा मुक्काम मे महिन्याच्या सुटीशी जुळवावा लागे. निसर्गाचे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाला जुमानत नसल्याने ही जुळणी बहुधा फसे. शेजारच्या खोल्यांतील बायकांनी थोरल्याला जेवू घालणे, शाळेत पोहोचविणे ही चाळीची स्वतःची दाईव्यवस्था होती. इस्पितळातील प्रसूतीही याच काळात रुळू लागली. मुंबईत कामा रुग्णालय १८८६ मध्ये, तर वाडिया प्रसूतिगृह १९२६ मध्ये सुरू झाले. पुण्यात १९०९ मध्ये स्थापन झालेल्या सेवासदनाने परिचारिका-शिक्षणाला प्रतिष्ठा मिळवून दिली.

स्वतः गिरणीत काम करणाऱ्या स्त्रीसाठी गर्भारपण म्हणजे मजुरी बुडणे. मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जुलै १९२८ मध्ये त्याचे ठाम समर्थन केले. १९२९ मध्ये संमत झालेला मुंबई प्रांताचा हा कायदा देशातील या स्वरूपाचा पहिला कायदा मानला जातो. पुढे १९६१ मध्ये केंद्रीय कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने रजेची मुदत सव्वीस आठवडे झाली. परंतु दोन अपत्ये हयात असलेल्या स्त्रीला ती बाराच आठवडे ठेवण्यात आली. प्रसूतीमुळे होणारी शरीराची झीज तिसऱ्या वेळी निम्म्याहून कमी होते, असे कोणताही वैद्य म्हणणार नाही. कायद्याच्या लेखी मोजले जात होते ते शरीर नव्हे, अपत्यक्रम.

'एक' आणि 'शेवटचे'

अपत्यांची संख्या ही ईश्वराधीन नसून दांपत्याच्या निर्णयाची बाब आहे, हा विचार महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय र. धों. कर्वे यांच्याकडे जाते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. त्यापायी त्यांना नोकरी आणि लौकिक दोन्ही गमवावे लागले. नोव्हेंबर १९३८ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. उल्लेखनीय बाब अशी की, या पहिल्या पिढीच्या युक्तिवादात स्त्रीचे आरोग्य आणि तिची इच्छा यांना केंद्रस्थान होते.

१९५२ मध्ये शासकीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू झाल्यानंतर हे केंद्र हळूहळू सरकले. लाल त्रिकोणाखालची 'दोन किंवा तीन पुरेत' या आशयाची घोषणा पुढे दोनवर आली. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अंमलात आले नाही. सक्ती मागे पडली, पण दोन हा आकडा मागे पडला नाही. २००५ च्या नियमांनी राज्य शासनाच्या सेवेतील प्रवेशासाठी 'लहान कुटुंबा'चे प्रतिज्ञापत्र आवश्यक केले. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीलाही तशीच अट लागू झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर १९९२-९३ मध्ये २.९ होता, २०१९-२१ मध्ये तो १.७ झाला.

या घसरणीमुळे स्त्रीची बाळंतपणांच्या रहाटगाडग्यातून सुटका झाली, हे नाकारता येणार नाही. परंतु पुत्राची अपेक्षा त्याच प्रमाणात घटली नाही. पूर्वी दुसरी मुलगी झाली, तर तिसऱ्या खेपेची वाट पाहता येत असे. आता दुसरी खेप हीच अखेरची संधी ठरली. याच सुमारास गर्भजलपरीक्षा आणि नंतर सोनोग्राफी उपलब्ध झाली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्ये देशात प्रथम कायदा करणारे राज्य महाराष्ट्र होते. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ अशी उतरत गेली. बीड जिल्ह्यात तर २०११ मध्ये ती ८०७ वर आली.

हे आकडे सर्व अपत्यांचे एकत्रित आहेत. मुली नेमक्या कोणत्या खेपेला नाहीशा झाल्या, याचे उत्तर प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अखिल भारतीय अभ्यासात मिळते. पहिली मुलगी असलेल्या घरांत दुसऱ्या अपत्यांमधील मुलींचे प्रमाण १९९० मध्ये हजार मुलग्यांमागे ९०६ होते. २००५ मध्ये ते ८३६ झाले. पहिला मुलगा असलेल्या घरांत अशी लक्षणीय घट आढळली नाही. ही घट सुशिक्षित आणि सधन घरांत अधिक होती, हा तपशील प्राध्यापकवर्गाने विशेषत्वाने ध्यानात घ्यावा असा आहे. ज्या घरांत थोरल्या मुलीला इंग्रजी शाळेत घातले गेले, तिचे वाढदिवस हौसेने साजरे झाले, अशाच काही घरांत तिच्या पाठची बहीण जन्माला येऊ दिली गेली नाही. दुसऱ्या गर्भारपणाची पूर्वीची उपेक्षा संपली होती. तिच्या जागी आली ती पाळत.

मुलीला जन्म मिळाला तरी नावातून ती उपेक्षा उमटे. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात 'नकोशी', 'नकुसा' अशी नावे असलेल्या २८५ मुलींचे समारंभपूर्वक नामांतर करण्यात आले. दगडू-धोंडू या नावांमागे मूल जगावे ही आस होती. या नावांमागे पुढचे मूल मुलगी नसावे ही आस होती.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत २०१७ पासून पहिल्या अपत्यासाठी, ते मुलगा असो वा मुलगी, पाच हजार रुपयांचे साहाय्य देण्यात येऊ लागले. एप्रिल २०२२ पासून त्यात दुसऱ्या अपत्याचा समावेश झाला, तो केवळ मुलगी झाल्यास. रक्कम सहा हजार. पहिल्या खेपेचे साहाय्य हप्त्यांनी मिळते आणि त्याचा आरंभ गर्भारपणातील नोंदणी व तपासणीपासून होतो. दुसऱ्या खेपेचे साहाय्य मुलीच्या जन्मानंतर एकरकमी मिळते. त्याआधीच्या नऊ महिन्यांत, म्हणजे आईला दूध, फळे आणि विश्रांती यांची गरज असते त्या काळात, या योजनेतून तिच्या हाती काहीही पडत नाही.