ढालपंखांवर लिहिलेला इतिहास

राजघराण्यांचा इतिहास ताम्रपटांवरून कळतो. भुंगेऱ्यांच्या घराण्यांचा इतिहास त्यांच्या पंखांवरून. भुंगेऱ्याचे पुढचे पंख कठीण होऊन ढालीसारखे पाठीवर बसतात. देह मातीस मिळाला तरी ही ढाल तळ्याच्या गाळात टिकते. गाळाचा दगड झाला म्हणजे तिच्यावरील रेषा कोट्यवधी वर्षांनंतरही वाचता येतात.

असे ढालपंख गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात नागपूरच्या परिसरात मिळाले. स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी काळ्या पाषाणाच्या थरांमधील जुन्या गाळाचा तेथे शोध घेतला होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे लोट येत होते. दोन लोटांमध्ये दीर्घ उसंत मिळे. मग तळी साचत, झाडे वाढत, कीटक वावरत. याच उसंतीची साक्ष उत्तरेस सौसरचे खडकही देतात. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, त्यातलेच हे सौसर. तेथील गारगोटीसारख्या दगडांतील वनस्पतींचे वर्णन बिरबल साहनी व एच. एस. राव यांनी १९४३ साली प्रसिद्ध केले. त्यांत पाण्यावर तरंगणारा अझोलाही आहे.

नागपूरच्या ढालपंखांवर अँड्र्यू मरे या स्कॉटिश निसर्गाभ्यासकाने १८६० साली टिपण लिहिले. पुढे १८७० साली त्याने जगभरच्या भुंगेऱ्यांची प्रदेशवार मांडणी केली आणि भारत व आफ्रिका यांचे भुंगेरे एकाच मोठ्या शाखेत घातले. पण मध्ये समुद्र असता हे आप्तसंबंध जुळले कसे? खंडे अचल मानली जात, म्हणून बुडालेल्या भूमीचे सेतू कल्पावे लागत. १९१२ साली आल्फ्रेड वेगेनरने खंडेच सरकतात असे मांडले. भारत आफ्रिकेपासून व नंतर मादागास्करपासून सुटला आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियास भिडला, हे आता सर्वमान्य आहे.

तरीही प्रत्येक साम्य त्या प्राचीन सहवासाचेच असे नाही. काही कुळे भारताबरोबर आली असतील, तर काही नंतर जमिनीच्या वाटेने. जिवंत भुंगेऱ्यांच्या डीएनएवरून त्यांची नाती जुळवता येतात; परंतु जी कुळे निर्वंश झाली, त्यांची साक्ष केवळ दगडच देऊ शकतो. म्हणून लाव्ह्याच्या दोन थरांमधला दगड खडीसाठी फोडण्यापूर्वी एकदा निरखून पाहावा. खडी कुठल्याही खडकाची होते; हरवलेल्या घराण्याचा ताम्रपट मात्र पुन्हा घडत नाही.