घाटाएवढीच वाट

आहुपे हे आंबेगाव तालुक्यातले सह्याद्रीच्या ऐन माथ्यावरचे गाव. याच परिसरात घोड नदी उगम पावते आणि पूर्वेकडे वाहू लागते. पश्चिमेस मात्र जमीन एकाएकी तुटते आणि कड्याखाली मुरबाडचा मुलूख दिसतो. या कड्यावरून आहुपे घाटाची पाऊलवाट खाली उतरते. माथ्यावरची वाट कितीही ऐसपैस असो, पायथ्याचे रान कितीही सपाट असो, दिवसभरात किती ओझी पार व्हावयाची हे शेवटी त्या अरुंद पाऊलवाटेवर ठरते. घाटाचा हा हिशेब इथल्या माणसाला निराळा शिकवावा लागत नाही.

मला तो हिशेब अगदी वेगळ्या निमित्ताने आठवला. गेल्या वर्षी माझ्या भाच्याने घरच्या घरी कॉम्प्युटर जुळवावयाचे मनावर घेतले. तोही खेळ खेळण्यासाठी! वडिलांनी टोमॅटोच्या पट्टीतून काही रक्कम बाजूला काढून दिली होती. भाच्याची यादी तयारच होती. जवळजवळ सारा पैसा ग्राफिक्स कार्डावर. रॅम जेमतेम, आणि एसएमपीएस सर्वांत स्वस्त मिळेल तो. “मामा, कार्ड मोठं घेतलं की झालं,” असे त्याचे म्हणणे. बहिणीचे म्हणणे निराळे. कष्टाचा पैसा असल्या पोरखेळात घालवू नये, असे तिला वाटत होते. दोघांनाही उत्तर द्यावयाचे तर थोडा इतिहास सांगणे भाग होते.

आपल्या देशात सुटे भाग निवडून कॉम्प्युटर जुळविण्याचा पहिला मोठा उद्योग मुंबईस झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी प्रथम एक लहान प्रायोगिक यंत्र उभे केले. ते १९५६ साली चालू झाले. त्यानंतरचे पूर्ण यंत्र १९६० साली कामास लागले. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. स्मृतीसाठी काय वापरावे हा तेव्हा मोठाच प्रश्न होता. त्यांनी फेराइटच्या बारीक चुंबकी कड्यांची स्मृती पत्करली. जगातही ती तेव्हा नवीच होती. १९६२ साली या यंत्राचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण पंडित नेहरूंनी केले. तयार यंत्र विकत घेणारा किंमत शिकतो. भाग निवडणारा कारण शिकतो. त्या मंडळींची खरी कमाई हीच होय.

त्याच संस्थेची एक शाखा पुढे आपल्या जुन्नर तालुक्यात आली. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून खोडदजवळ प्रचंड रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांपैकी १४ मध्यभागी आणि बाकीच्या तीन बाहूंवर दूरवर पसरलेल्या. डोंगरांचा आडोसा आणि शहरी गोंगाटापासूनचे अंतर पाहून ही जागा निवडली होती. पण नुसत्या तबकड्यांनी आकाश दिसत नाही. प्रत्येक तबकडीचा संदेश दुसऱ्या प्रत्येकीच्या संदेशाशी ताडून पाहावा लागतो. ३० तबकड्यांच्या अशा जोड्या होतात ४३५, आणि ही ताडणी क्षणोक्षणी करावयाची!

आरंभी हे काम खास घडविलेल्या यंत्रणेकडे होते. तीत अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेसाठी बनलेल्या विशिष्ट चिप वापरल्या होत्या. अशी यंत्रणा एकच काम करते. नवे काही सुचले की तिला शिकविणे अवघड. म्हणून पुढे खोडदच्या मंडळींनी निराळी वाट धरली. बाजारात मिळणारे भाग घेऊन त्यांनी ४८ कॉम्प्युटरांचा ताफा जोडला आणि ताडणीचे काम आज्ञावलीकडे सोपविले. २०१० साली त्यांनी त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यात गणिताच्या वेगाइतकीच काळजी कॉम्प्युटरांना परस्परांशी जोडणाऱ्या तारांची घेतलेली दिसते. गणित झटपट होऊन आकडे वाटेतच अडले तर काय उपयोग? इथेही घाट होताच.

त्यानंतर दुर्बिणीचे नूतनीकरण झाले. लहरींचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला. पट्ट्याच्या दुप्पट वेगाने नमुने घ्यावे लागतात, हा नियम धरला तर एका संदेशाचे सेकंदाला ८० कोटी नमुने. प्रत्येक तबकडीचे दोन, म्हणजे एकूण ६० संदेश. सेकंदाला ४८ अब्ज आकडे! हा लोंढा पेलावयास जे साधन कामी आले, ते मूळचे मुलांच्या खेळातले होते.

पडद्यावर लक्षावधी ठिपके असतात. खेळातले चित्र हलावयाचे तर प्रत्येक ठिपक्यासाठी तेच लहानसे गणित निमिषात करावे लागते. त्याला एक बुद्धिमान कारागीर पुरत नाही. पडकईने आलेल्या माणसांनी एका ओळीत वाकून भाताची आवणी करावी, तसे हजारो साधे गणिती हात एकदम चालावे लागतात. १९९० नंतर खेळांच्या चढाओढीने असे हात वाढत गेले. १९९९ साली एन्व्हिडिया कंपनीने आपले जीफोर्स २५६ हे कार्ड ‘जीपीयू’ या नावाने बाजारात आणले. २००७ साली त्याच कंपनीच्या ‘कूडा’ या साधनामुळे हे हात चित्रांखेरीज इतर गणितासही सहज जुंपता येऊ लागले. ४३५ जोड्यांची ताडणी म्हणजे तरी काय? तीच आवणी. खोडदच्या नव्या यंत्रणेत ही जीपीयू कार्डे बसली. त्यांचे कुळ खेळाच्या कार्डांचेच. फक्त दुकानाच्या फळीवरची नव्हेत, अखंड शास्त्रीय कामासाठी बनविलेली.

जगभरच्या पोरांनी खेळापायी जो पैसा ओतला, त्यातूनच हे साधन स्वस्त आणि समर्थ झाले. निव्वळ खगोलशास्त्रज्ञांच्या मागणीवर असा कारखाना कोणी चालविला नसता. बहिणीला मी एवढेच सांगितले, की पोरखेळ म्हणून हिणवू नकोस. खोडदचे आकाश थोडेफार या खेळांच्याच जिवावर उजळले आहे.

भाच्याला सांगितले ते निराळे. कार्ड मोठे घेशील, पण त्याला वीज पुरविणारा डबा हलका असेल तर ऐन खेळात यंत्र बंद पडेल. रॅम तोकडी असेल तर कार्ड रिकामे बसेल. उष्णता बाहेर जावयास वाट नसेल तर कार्ड आपणच वेग कमी करील. आधी घाट शोध, मग बाजाराला जा. त्याने यादी फाडली आणि नवी केली. कार्ड एक पायरी खालचे, एसएमपीएस नावाजलेला, रॅम दुप्पट. पैसे तेवढेच लागले.

याच जुन्नर तालुक्यात नाणेघाट आहे. तिथल्या सातवाहनकालीन लेखात यज्ञातल्या दानांची मोजदाद कोरलेली असून, भारतीय अंकचिन्हांच्या जुन्यांतल्या जुन्या नमुन्यांत तिची गणना होते. गाई, घोडे, कार्षापण असे सारे तिथे आकड्यांत आले आहे. सुमारे दोन हजार वर्षांनी, त्याच तालुक्यात, ४८ अब्ज आकडे दर सेकंदाला एका यंत्रातून जातात.

भाच्याचा कॉम्प्युटर चालू झाला. पहिल्या रात्री तो पहाटेपर्यंत खेळला आणि सकाळी आईची बोलणी खाल्ली. पण झाकण उघडून कोणता भाग कशासाठी आहे हे त्याने तिलाच समजावून सांगितले, तेव्हा ती ऐकत उभी राहिली. टोमॅटोच्या पट्टीचे पैसे कुठे गेले, ते तिला प्रथमच दिसत होते.