दोन दिवसांचा हिरवा

मे १९१०, पहाटेचे चार. तुम्ही औरंगाबादेत, खाम नदीच्या काठी, मकई गेटपाशी उभे आहात. पात्रात पाणी नावालाच आहे आणि कालच्या उन्हानं तापलेले दगड अजून पुरते निवलेले नाहीत. कमानीखालून एक सायकलवाला येतो, तुम्हाला पाहून उतरतो. त्याच्या हँडलला कार्बाइडचा दिवा आहे. वरच्या डबीतलं पाणी थेंबथेंब खालच्या खड्यांवर पडतं, गॅस सुटतो आणि तोंडाशी पेटतो. लसणासारखा उग्र दर्प नाकात बसतो.

"भाऊ, शेंडेनक्षत्र इकडूनच दिसतंय ना?"

तुम्ही पूर्वेकडे बोट दाखवता. शुक्राच्या चांदणीजवळून एक धुरकट पट्टा आभाळात वर चढत गेलाय. हॅलेचा धूमकेतू. सायकलवाला कानाला हात लावतो. "विलायतेचा बादशहा गेला की याच्यापायी." सातवे एडवर्ड याच महिन्याच्या ६ तारखेला गेले, हे खरंच. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये हैदराबादचे सहावे निजामही जाणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण निजामाच्या मुलखात उभं राहून ते बोलायचं नाही.

त्यापेक्षा दिव्याकडे वाकून बघा. ज्योत वर पिवळी धमक, पण बुडाशी निळसर-हिरवी कड. तो हिरवा कार्बनच्या दोन अणूंच्या जोडीचा. स्कॉटलंडच्या विल्यम स्वान यांनी १८५७ मध्ये अशा ज्योतींच्या वर्णपटातले पट्टे नीट मांडले, आणि १८६८ मध्ये विल्यम हगिन्स यांना तेच पट्टे धूमकेतूच्या उजेडात सापडले. म्हणजे सायकलच्या हँडलवर आणि त्या शेंडेनक्षत्राच्या डोक्यात एकच चीज उजळतेय. दिव्यातला गॅस ॲसिटिलीन. धूमकेतूच्या बर्फातही तो असतो, हे मात्र १९९६ मध्ये ह्याकुताके धूमकेतू येऊन गेला तेव्हा कळलं.

सायकलवाल्याला जरा थांबू द्या. तुम्ही त्या डोक्यात शिरा.

इथं आवाज नाही. ऊन लागतं तसा बर्फ न वितळता थेट उडतो आणि त्यातून ॲसिटिलीनचा एक रेणू सुटतो: मध्ये दोन कार्बन, दोन्ही टोकांना एकेक हायड्रोजन. सूर्याचा अतिनील किरण त्याच्यात शिरतो आणि एका टोकाचा हायड्रोजन निखळतो. मागे राहतं ते एथिनिल. रॅडिकल म्हणतात ते हेच: एक हात रिकामा झालेलं, समोर येईल त्याला धरायला टपलेलं. दिव्याच्या ज्योतीत ऑक्सिजननं ते तत्क्षणी गिळलं असतं. इथं वायू इतका विरळ की धरायला शेजारीच सापडत नाही; गाठ पडते ती पुढच्या किरणाशी. तो दुसराही हायड्रोजन उडवतो, आणि कार्बनची जोडी उघडी पडते. ती ऊन पिते, हिरवा उजेड टाकते. पुन्हा पिते, पुन्हा टाकते.

आणि तेच ऊन तिला फोडतं. सूर्यापासून पृथ्वीइतक्या अंतरावर ही जोडी सरासरी दोनेक दिवस टिकते. सेकंदाला किलोमीटरभर वेगानं पळाली तरी तेवढ्यात पावणेदोन लाख किलोमीटर होतात, आणि धूमकेतूच्या शेपटापुढे ते काहीच नाही. म्हणून डोकं हिरवं, शेपूट नाही. असं होत असावं हे गेरहार्ड हर्झबर्ग यांनी १९३० च्या दशकातच सुचवलं होतं. लेसरखाली जोडी तुटताना प्रत्यक्ष पाहिली ती सिडनीतल्या संशोधकांनी, २०२१ मध्ये.

खरं सांगायचं तर मकई गेटवरून तो हिरवा दिसतच नाही. अंधारात डोळ्याला रंगाचं फारसं कळत नाही. आणि रेणू फोडणारे ते किरण हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन वरच्या वर अडवतात, म्हणून सायकलवाला धडधाकट उभा आहे.

आता मागे, सप्टेंबर १६८२. हीच नदी, पण दोन्ही थड्या भरून. मार्चमध्ये औरंगजेब बुऱ्हाणपूरहून इथं आलाय, शहराभोवती कोट चढतोय, आणि बापावर उलटलेला शहजादा अकबर संभाजीराजांच्या आश्रयाला गेलाय. पश्चिमेला ढगाला भोक पडलं तर तोच धूमकेतू दिसेल, नाही तर नाही. तिकडे लंडनजवळ एडमंड हॅले त्याची जागा टिपून ठेवतायत. ढगांच्या वर मात्र लख्ख ऊन, आणि रेणू फुटतायतच.

१९८६ ची फेरी फिकी झाली. एप्रिलमध्ये जवळ आला तो सहा कोटी किलोमीटरवरून गेला.

डिसेंबर २०२३. या शहराचं नाव याच वर्षी बदललं, आणि याच महिन्यात तो नेपच्यूनच्या कक्षेपलीकडून मागे वळला. तिथं ऊन आपल्याकडच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी. ॲसिटिलीन बर्फात गोठलेलं, दोन्ही हायड्रोजन जागच्या जागी. इकडे वाळूजच्या एखाद्या शेडमध्ये वेल्डर तोच गॅस मरून रंगाच्या सिलिंडरमधून सोडतो, काडी ओढतो आणि चष्मा खाली घेतो.

जुलै २०६१. २८ तारखेला तो सूर्याच्या सर्वांत जवळ असेल. पुन्हा नेमका पावसाळा. खामच्या पुलावर माणसं छत्र्या मिटून उभी आहेत. शेजारी एक पोर कठड्यावर चढायला बघतंय आणि आजीनं त्याचा सदरा मुठीत धरलाय.

"दिसतंय का गं आजी?"

"ढग सरकू दे रे बाळा. उतर आधी खाली."