बातमीला चेहरा कसा आला?

29 सप्टेंबर 1914. कोलकात्याच्या दक्षिणेला, हुगळीच्या काठी, बजबज. कॅनडाने दारातूनच परतवून लावलेली ‘कोमागाता मारू’ ही बोट इथे थांबवण्यात आली. उतारूंना परस्पर पंजाबात पोचवायला सरकारने खास आगगाडी उभी ठेवली होती. बहुतेकांनी तिच्यात बसायला नकार दिला आणि ते पायीच कोलकात्याकडे निघाले. त्यांना वाटेतून माघारी आणलं. संध्याकाळी स्टेशनाजवळ गोळ्या सुटल्या. 20 च्या आसपास माणसं मेली. सुरुवात कोणी केली? सरकारी चौकशी समितीने खापर उतारूंवर फोडलं. बोटीचे म्होरके बाबा गुरदित सिंग यांची बाजू वेगळी होती, पण ते 1921 पर्यंत भूमिगतच राहिले. आणि बातमीदार? त्या काळी बातमीखाली त्याचं नाव छापायची फारशी पद्धतच नव्हती. ‘हे सांगतंय कोण?’ या प्रश्नाला वाचकाकडे उत्तर नसे.

टीव्हीवरच्या पत्रकाराची कीर्ती आणि अपकीर्ती या प्रश्नातून जन्माला आली आहे. तिचा वंशवेल शोधला तर दोन घराणी सापडतात.

पहिलं घराणं संपादकाचं. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ सुरू केलं, तेव्हापासून मराठीत पत्र म्हणजे त्याचा संपादक, असंच समीकरण होतं. अग्रलेखाखाली सही नसे, पण खटला भरला की कोणाला धरायचं हे सरकारला नेमकं ठाऊक असे. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्यावरच्या मजकुरापायी झालेल्या बदनामीच्या खटल्यात 1882 साली आगरकर आणि टिळक डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस राहून आले. पुढे 1908 मध्ये ‘केसरी’तल्या लेखांपायी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. या घराण्यात पत ठरायची ती मत मांडण्यावर आणि त्याची किंमत मोजण्यावर.

दुसरं घराणं आवाजाचं. मुंबई आणि कलकत्ता ही नभोवाणी केंद्रं 1927 साली महिन्याभराच्या अंतराने सुरू झाली. रेडिओवर बातम्या देणारा स्वतःचं नाव सांगायचा आणि लगेच नाहीसा व्हायचा. उरायचा फक्त आवाज. कोलकात्याहून 1971 च्या बांगलादेश युद्धाच्या काळात देवदुलाल बंद्योपाध्याय यांचा आवाज सीमेच्या दोन्ही बाजूंना ऐकला गेला आणि पुढच्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्यात सुधा नरवणे यांच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की घराघरांत आंघोळी-डबे त्या तालावर उरकायचे. त्यांचं राजकीय मत काय, हे कोणी विचारलं नाही. या घराण्यात पत ठरायची ती स्वतःला बाजूला ठेवण्यावर.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला आणि आवाजाला चेहरा मिळाला. पहिले वृत्तनिवेदक डॉ. विश्वास मेहेंदळे, मग अनंत भावे, भक्ती बर्वे, स्मिता पाटील. हातातल्या कागदावरून वाचायचं आणि वाक्य संपता संपता मान वर करायची, एवढीच अदाकारी. स्मिता पाटील घाईत असल्या की जीन्सवरच साडी गुंडाळून बसायच्या, असं सांगतात. कॅमेरा कमरेच्या वरच असे, त्यामुळे महाराष्ट्राला साडीच दिसे. 1974 पासून प्रदीप भिडे आले आणि पुढची सुमारे चार दशकं भारदस्त मराठी उच्चार म्हटलं की लोकांना तेच आठवायचे. चेहरा आला, पण घराणं आवाजाचंच राहिलं. बातमी सरकारी चाळणीतून येते हे प्रेक्षकाला माहीत होतं; वाचणाऱ्यावर मात्र त्याचा राग नव्हता.

2007 आणि 2008 या दोन वर्षांत झी 24 तास, स्टार माझा आणि आयबीएन लोकमत अशा चोवीस तासांच्या मराठी वाहिन्या आल्या आणि दोन घराण्यांची सोयरीक झाली. चेहरा निवेदकाचा, जीभ संपादकाची. निखिल वागळे हे याचं ठळक उदाहरण. ‘आपलं महानगर’ या सायंदैनिकातला त्यांचा तिखटपणा आयबीएन लोकमतवर ‘आजचा सवाल’ होऊन रोज रात्री दिवाणखान्यात आला. काहींना वाटलं, शेवटी कोणीतरी तोंडावर विचारतंय. काहींना वाटलं, हा माणूस पाहुण्याला बोलूच देत नाही. दोन्ही खरं होतं. 20 नोव्हेंबर 2009 रोजी वाहिनीच्या मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांवर शिवसैनिकांनी हल्ला केला. निमित्त होतं बाळासाहेब ठाकरेंनी सचिन तेंडुलकरवर केलेल्या टीकेचा वागळेंनी घेतलेला समाचार. वाहिनी सोडून दहाएक वर्षं झाल्यावरही, 9 फेब्रुवारी 2024 ला, पुण्यात ‘निर्भय बनो’च्या सभेला जाताना त्यांच्या गाडीवर हल्ला झालाच. भिड्यांच्या वाट्याला असं काही आलं नाही, कारण त्यांनी वाचलेलं वाक्य त्यांचं नव्हतं. स्वतःचं वाक्य बोलणाऱ्याला प्रेक्षक मिळतात, तसे वैरीही मिळतात.

मात्र या सोयरिकीत तिसरा माणूस मांडवाबाहेर राहिला, तो म्हणजे जागेवर जाणारा. तालुक्याच्या गावचा स्ट्रिंगर बूम घेऊन मोटारसायकलवर निघतो, पुरात उभा राहून बाईट घेतो, नेटवर्क मिळेल त्या टेकाडावरून फीड पाठवतो. अनेकांना पैसे बातमीमागे मिळतात, महिन्याचा पगार नसतो. संध्याकाळी त्याच्याच दोन मिनिटांवर चार पाहुणे तासभर भांडतात, आणि नाव होतं ते मधे बसलेल्याचं.

बजबजला आज एक स्मारक आहे, कृपाणासारखं आभाळात गेलेलं. स्थानिक लोक त्याला ‘पंजाबी मोन्युमेंट’ म्हणतात. पंडित नेहरूंच्या हस्ते 1952 साली त्याचं उद्‌घाटन झालं, म्हणजे घटनेनंतर 38 वर्षांनी. मतं 1914 मध्येही कमी नव्हती. कमी होता तो घडलेलं स्वतः पाहणारा आणि आपल्या नावाने सांगणारा माणूस. तेव्हा पुढच्या वेळी बातम्या लावाल तेव्हा अँकरवर खूश किंवा नाराज होण्याआधी खालच्या पट्टीकडे एकदा बघा. जागेवरून बोलणाऱ्याचं नाव तिथे चार-पाच सेकंद असतं. तेवढ्यात ते वाचून घ्या.