षट्खंडागमाची खंडरचना

पूर्णा जंक्शनवरून अकोल्याच्या दिशेने निघालेली गाडी वऱ्हाडात पोहोचते. त्याच वऱ्हाडातील अमरावती येथून १९३९ साली ‘षट्खंडागमा’चा पहिला भाग धवला टीकेसह प्रसिद्ध झाला आणि मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतके जतन झालेले सिद्धांतज्ञान सामान्य श्रावकाच्या दृष्टीस पडले.

गिरनारच्या चंद्रगुफेत आचार्य धरसेनांनी पुष्पदंत व भूतबली या मुनिद्वयास श्रुतज्ञान दिले. पुष्पदंतांनी सत्प्ररूपणेची १७७ सूत्रे रचली. शेष रचना भूतबलींनी पूर्ण केली. श्रुतपंचमी ही त्या पूर्तीचीच स्मृती होय. जीवस्थान, क्षुद्रकबंध, बंधस्वामित्वविचय, वेदना, वर्गणा व महाबंध हे सहा खंड. जीवस्थानात सत्, संख्या, क्षेत्र, स्पर्शन, काल, अंतर, भाव व अल्पबहुत्व अशी आठ अनुयोगद्वारे, आणि त्यांस जोडून नऊ चूलिका आहेत. ‘द्वार’ हा शब्द किती समर्पक! विषयाच्या विशाल वाड्यात शिरावे कोठून, हेच तो सांगतो. आत गेल्यावरही क्रम ठरलेला: प्रथम ओघ म्हणजे गुणस्थानांनुसार सामान्य कथन, मग आदेश म्हणजे मार्गणांनुसार विशेष कथन. ग्रंथ मुखोद्गत करणाऱ्यास पुढचे स्थान आपोआप सुचावे, अशीच ही योजना आहे.

पहिल्या पाच खंडांवर आचार्य वीरसेनांनी बहात्तर हजार श्लोकप्रमाण धवला टीका लिहिली. डॉ. हिरालाल जैन यांच्या निर्णयानुसार ती शके ७३८ मध्ये, म्हणजे इ. स. ८१६ साली पूर्ण झाली. हस्तलिखितांत मात्र सूत्र व टीका सलग चालत. रोजमेळ पूर्ण, पण खतावणी नाही, अशी वाचकाची स्थिती! डॉ. हिरालाल जैन व त्यांच्या सहकारी पंडितांनी सूत्रे निराळी काढून त्यांस क्रमांक दिले, हिंदी अनुवाद, विषयसूची व परिशिष्टे जोडली. सोळा भागांच्या या कार्यास सुमारे दोन दशके लागली.

त्या क्रमांकांचे मोल सत्प्ररूपणेच्या ९३ व्या सूत्रापाशी कळते. उपलब्ध प्रतींत तेथे ‘संजद’ शब्द नव्हता. टीकेशी संगती पाहून संपादकांनी तो असावा, असे तळटीपेत सुचविले. मनुष्यिनींच्या गुणस्थानांचा प्रश्न त्या एका शब्दाशी निगडित असल्याने विद्वानांत तीव्र वाद उसळला. परंतु वादाची जागा निश्चित होती. प्रत्येकास ते सूत्र उघडून पाहता येत होते. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्राशी पाठ ताडून पाहिला, तेव्हा ‘संजद’ शब्द तेथे आढळला.